शिवेवरचा उतार

जव्हारात राजाचं राज्य होतं आणि मोखाड्यात इंग्रजाचं, त्या काळातली ही गोष्ट. दोन्ही गावांना जोडणारी वाट एकच, डोंगर तेच, ओहोळही तेच; पण मधल्या एका उतारावर शिवेचा दगड रोवलेला होता. दगडाच्या वर मोखाड्याचा अंमल, दगडाच्या खाली जव्हारचा. उताराच्या पायथ्याला, जव्हारच्या अंगाला, आंबेपाडा नावाची थोड्या घरांची वस्ती होती. ढवळू तिथला. त्याला ती शीव कधी आडवी आली नव्हती. त्याची नागली दगडाच्या खाली पिकायची, गुरं दगडाच्या वर चरायची, बायको नवशी वरच्या मुलखातून आलेली, आणि पोर पोशी तर दिवसभर दोन्ही राज्यांत हुंदडायची.

पोशी तेराचौदा वर्षांची असेल. तिच्या आधीची दोन मुलं अंगावर पीत असतानाच गेली होती, म्हणून हिच्यावर दोघांचा जीव. पोरगी उंच, काटक, आणि नकला करण्यात पटाईत. कोंबडा, भेकर, पाड्यावरची खोकणारी म्हातारी, कुणाचाही आवाज ती हुबेहूब काढायची. पण तिचा आवडता आवाज फटफटीचा. घराच्या मागं दडून ती आधी घशातून 'फटफटफट' सुरू करायची आणि मग गाल फुगवून भोंगा वाजवायची. पाड्यावरची माणसं शेट आला म्हणून बाहेर यायची, आणि ही हसून लोटपोट व्हायची.

शेट म्हणजे मधुकर. जव्हारच्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पंचविशीचा, चेहऱ्यानं हसरा. त्याच्या बापानं शिवेच्या दोन्ही बाजूंना जंगलतोडीचे ठेके घेतले होते आणि ढवळू थंडीत त्याच्याच तोडीवर कुऱ्हाड चालवायचा. पोरानं इकडून तिकडे देखरेख करावी म्हणून बापानं त्याला नाशकाच्या एका गोऱ्या साहेबाची जुनी फटफटी घेऊन दिली होती. आंबेपाड्यावर तो नेहमी थांबायचा. ढवळूच्या दारात खाटेवर बसून गाडग्यातलं पाणी प्यायचा. पोशी त्या तापलेल्या गाडीभोवती फिरायची, तळहात धुराच्या नळीजवळ न्यायची आणि चटका बसायच्या आत मागं घ्यायची.

दसऱ्यानंतर एक दिवस मधुकर आला तेव्हा गाडीच्या मागची पत्र्याची पाटी नवी होती. अक्षरं वेगळी, रंगही वेगळा. ढवळूला वाचता येत नव्हतं, पण रंग ओळखता येत होता.

"शेट, पाटी कनाला बदलली?" त्यानं विचारलं.

मधुकर हसला. "मोखाड्याला ठाण्याहून साहेब आला होता गाड्या तपासायला. दर वर्षी येतो. हे बघ, ते बघ, उतारावर चालवून दाखव. त्यानं नापास केली. मग मी इकडे जव्हारात नोंदवली. इथं दिवा बघतात, भोंगा बघतात, झालं. इथं पास झाली."

"आन् मंग मोखाड्याला जाशील कसा?"

"जव्हारची पाटी असली की पाहुणा म्हणून तिकडं चालते. पाहुण्याला कोण तपासतो?"

तो हसला म्हणून ढवळूही हसला. एकच गाडी वर नापास आणि खाली पास, ही त्याला गंमतच वाटली. साहेबानं ती कशासाठी नापास केली हे विचारायचं त्याच्या मनात आलं नाही.

पौषात नागलीची झोडणी झाली. रानात हिरड्याचा हंगाम होता. पोशीनं आणि तिच्या आत्यानं, कमूनं, हिरडा गोळा करून वाळवला आणि बाजाराच्या दिवशी दोघी पहाटेच हिरड्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन मोखाड्याला गेल्या. ढवळू घरामागच्या खळ्यावर पेंढा रचत होता. उन्हं डोक्यावर आली असतील नसतील, तोच त्याला उतारावरून भोंगा ऐकू आला. एकदा, दोनदा, मग न थांबता. ढवळूला वाटलं, आली पोर बाजारातून. खऱ्या फटफटीचा फटफटाट नव्हताच, आणि पोरीच्या घशातला एवढ्या लांब पोचायचा नाही; नुसता भोंगा, म्हणजे पोशीच. तो स्वतःशी हसला आणि पुढची पेंढी उचलली.

मग कमूची किंकाळी आली.

ढवळू धावला. वळणावर, शिवेच्या दगडाच्या थोडं खाली, पोशी वाटेच्या कडेला पडली होती. पलीकडे फटफटी आडवी, तिचं पुढचं चाक अजून फिरत होतं. मधुकर कोपरातून रक्त गाळत गुडघ्यावर बसला होता. कमू छाती बडवत एकच बोलत होती, "माना वाटलं हीच वाजवते! मी वळलीच नाय! माना वाटलं हीच मागून वाजवते!"

घडलं ते असं. कमू पुढं चालली होती, पोशी मागं. मधुकर वरून येत होता. उतारावर गाडी तो इंजिनाच्या जोरानं रोखून धरायचा. त्या दिवशी इंजिनापासून मागच्या चाकाला जाणारा चामड्याचा पट्टाच सुटला. चाकाच्या ओढीनं फिरणारं इंजिन गप्प झालं आणि गाडी दरडीवरून सुटलेल्या धोंड्यासारखी खाली आली. त्यानं भोंगा वाजवला. कमूला वाटलं पोशीचा खेळ. कमू वाटेच्या मधोमधच राहिली. मागून पोशीनं मात्र वळून पाहिलं, आत्याला धक्का देऊन बाजूला लोटलं, आणि स्वतः सापडली.

पोशी शुद्धीत होती. रक्त फारसं नव्हतं. पोट तेवढं कडक झालं होतं आणि ओठ पांढरे पडत होते. ढवळूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मधुकरकडे पाहिलं.

"शेट, ऊठ. गाडी उभी कर. हिला घे आन् जव्हारला दवाखान्यात ने. चालत नेली तं लई वेळ जाईल."

मधुकर उठला. त्यानं गाडी उभी केली, पट्टा चढवला, पायानं मारून इंजिन सुरूही केलं. ढवळू पोरीला उचलून जवळ आला. आणि मधुकरनं गाडी पुन्हा बंद केली.

"नाही, ढवळू. हिच्यावर नको."

"कनाला नको?"

"पुढं अजून दोन उतार आहेत. हिला ब्रेक नाही."

"बिरेक म्हंजे?"

मधुकरनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. "थांबवायचं. हिला थांबवायचं काही नाही. मागचा होता तो झिजून गेला. कधीचाच. साहेबानं त्याच्यासाठीच नापास केली होती. पट्टा परत सुटला तर आपण सगळे दरीत जाऊ."

ढवळूच्या हातात पोर, समोर चालू होऊ शकणारी गाडी. मग तो ओरडला, "बांबू आणा रं! घोंगडी आणा!"

पाड्यावरची माणसं आलीच होती. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. पुढं ढवळू आणि मागं मधुकर. कोपर फाटलेलं असताना मधुकरनं खांदा दिला आणि कुणी बदलायला आलं तरी तो हटला नाही. नवशी शेजारून पळत होती, पोशीच्या तोंडावरचं ऊन पदरानं अडवत होती. एका ओहोळावर पोशीनं डोळे उघडले.

"बा, माझी पाटी ऱ्हायली वर."

"ऱ्हावू दे. मी आणीन."

"आतेला लागलं का?"

"नाय, बाय. तिला काय नाय झालं."

जव्हारची पहिली घरं दिसायच्या आधीच नवशी थांबली. तिनं पदर खाली केला. पोशीच्या तोंडावर ऊन पडलं आणि पोशीनं डोळे मिटले नाहीत. नवशीनं डोलीचा बांबू धरून डोली खाली ठेवायला लावली. रडण्याआधी तिनं पोरीच्या केसांतला पाचोळा काढला.

जव्हारच्या कचेरीत चौकशी झाली. फौजदार वयस्क माणूस होता, चांगला होता. त्यानं ढवळूला आणि नवशीला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि घाई न करता प्रत्येकाला विचारलं. फटफटी बैलगाडीत घालून आणली होती. राजाच्या मोटारखान्यातल्या माणसानं ती तपासली. दिवा लागतो. भोंगा वाजतो. पाटी जागेवर आहे.

"भोंगा वाजवला होता का?" फौजदारानं कमूला विचारलं.

"वाजवला," कमू म्हणाली, आणि तोंड झाकून घेतलं.

"मधुकरराव, काय झालं होतं?"

"पट्टा सुटला. मी भोंगा वाजवला. गाडी थांबली नाही."

बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं. ढवळू वाट पाहत राहिला की आता पुढचं बोलेल. मधुकर जमिनीकडे पाहत राहिला. तेव्हा ढवळू स्वतःच उठला.

"सायब, त्या गाडीला बिरेक नव्हता. त्याला म्हाईत होतं. त्यानं माना सांगितलं."

फौजदारानं मधुकरकडे पाहिलं, मग ढवळूकडे. मग हळूच म्हणाला, "ढवळू, आपल्या संस्थानच्या नियमात ब्रेक नाही. दिवा आहे, भोंगा आहे, पाटी आहे. जे नियमात नाही त्याच्यासाठी मी माणसाला धरू कसा? मोखाड्याकडे ते बघतात. आपल्याकडे गाड्याच मोजक्या. कुणी लिहिलं नाही."

"मंग लिही ना."

"लिहीन. दरबारात कळवीन. पण लिहिलं ते पुढच्यासाठी. मागचं त्याच्यात येत नाही."

बाहेर पायरीवर ढवळूनं मधुकरला गाठलं. हाणायचा विचार नव्हता.

"शेट, माझ्याशी बोललास त्ये आत कनाला नाय बोललास?"

"कुणी विचारलं नाही रे," मधुकर म्हणाला. आपलंच बोलणं ऐकून त्याचा चेहरा कसनुसा झाला. तो वळला आणि भिंतीला धरून चालू लागला.

दिवसकार्य झाल्यावर ढवळू मोखाड्याला गेला. तिथं पोलिसांत विठ्ठल हवालदार होता. दसऱ्याला ठाण्याचा साहेब गाड्या तपासत होता तेव्हा हाच त्याच्या शेजारी उभा होता. ढवळूनं नुसती फटफटी म्हणताच विठ्ठलला सगळं आठवलं.

"तीच ती. साहेबानं तिला त्या शिवेच्या उतारावर न्यायला लावली होती. म्हणाला, एका ब्रेकवर गाडी चालवू देत नाही, आणि हिला तर एकही नाही. दोन पाहिजेत, एक निकामी झाला तर दुसरा. दुरुस्त करून आण, मग बघू." विठ्ठलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तो परत आलाच नाही. गाडीवर जव्हारची पाटी बघून आम्हाला वाटलं, तिकडं दुरुस्त केली असेल."

"मंग आता तू त्याला धर. तुमच्यात नेम हाय ना?"

"पोर कुठं पडली?"

"वळणावर."

"दगडाच्या वर की खाली?"

ढवळूला प्रश्न कळला. त्याला खोटं बोलता आलं असतं. वळणापासून दगड हाकेच्या अंतरावर होता, आणि पाड्यावरच्या कुणीही त्याचीच री ओढली असती. पण पोशी पडली ती जागा त्यानं गेले कित्येक दिवस रोज पाहिली होती. तिथं तो दिवा लावत होता. ती जागा हलवणं म्हणजे पोरीलाच उचलून दुसरीकडे ठेवण्यासारखं होतं.

"खाली," तो म्हणाला.

विठ्ठलनं मान हलवली. "वर असती तर मी आजच निघालो असतो. खाली माझा हात पोचत नाही, ढवळू."

घरी येऊन त्यानं हे सारं नवशीला सांगितलं. ती नागली दळत होती. जातं थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "पोर काय दगड बघून चालायची?" आणि पुन्हा जातं ओढू लागली.

होळी जवळ आली तरी ढवळू तोडीवर गेला नाही. मधुकरही आंबेपाड्याच्या वाटेनं दिसत नव्हता. तो घोड्यावरून लांबच्या वाटेनं जातो म्हणत. एक दिवस ढवळू त्याच्या घरी, जव्हारला गेला. मधुकर ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ढवळूला पाहून तो उठून उभा राहिला.

"माना काय नको शेट," ढवळू म्हणाला. "ती गाडी मोड. माझ्यासमोर. घण आण, मी मोडतो. नाय तं तू मोड."

मधुकर म्हणाला, "बाबांनी विकली. मला विचारलंही नाही. सुरगाणा संस्थानातला एक वाणी घेऊन गेला. धर्मा म्हणून."

"तिकडं कसला नेम हाय?"

"तिकडं गाडीला कसलाच नियम नाही म्हणतात."

ढवळूनं दोन्ही हात कानांवर ठेवले, जणू त्याला पुन्हा भोंगा ऐकू आला. मधुकर खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मी जातो तिकडं, ढवळू. मी सांगतो त्यांना," असं तो म्हणत राहिला. तो जाणार नाही हे ढवळूला दिसत होतं. ह्या माणसाकडून आता कसलंच काम व्हायचं नव्हतं. त्याला त्या घटकेला मधुकरची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला.

तो स्वतःच निघाला. नवशीनं भाकरी बांधून दिल्या. तिनं कुठं म्हणून विचारलं नाही, फक्त म्हणाली, "मोडूनच ये." मोखाडा मागं टाकून, हरसूल, पेठ ओलांडून तो चालत राहिला. रात्री कुणाच्या पडवीत पडायचा, सकाळी उठून विचारत पुढं जायचा. फटफटी ही चीज अशी, की ज्या गावावरून गेली त्या गावातलं शेंबडं पोरही तिची वाट सांगायचं.

धर्मा वाण्याचं मिठाचं आणि कापडाचं दुकान होतं. माणूस ठेंगणा, पोक्त. दारात तीच फटफटी उभी, धुऊन पुसून. ढवळूच्या कमरेला कोयता होता. तो गाडीजवळ गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. दुकानदार बाहेर आला. अनोळखी माणसाचा चेहरा बघून त्यानं आरडाओरडा केला नाही.

"काय पाहिजे, दादा?"

ढवळूनं सांगितलं. सगळं सांगितलं, नक्कल, भोंगा, कमू, डोली, दोन्ही कचेऱ्या. बोलायला सुरुवात केल्यावर त्याला थांबताच येईना. धर्मा वाणी ऐकता ऐकता पायरीवर बसला.

"मला त्यांनी एवढंच सांगितलं की गाडी एकदा पडली होती," तो शेवटी म्हणाला. "पोरीचं नाही सांगितलं."

"हिला बिरेक नाय. तू मरशील. नाय तं कुणाला मारशील."

"आहे." धर्मा उठला. "इथं आणली तेव्हा नव्हता. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, ही थांबते कशी? मी काय सांगणार? नाशकाहून माणूस बोलावला. त्यानं पुढं एक बसवला, मागं एक."

"कुणी सांगितलं बसवायला? इथं तं नेम नाय."

"नियम कशाला पाहिजे? मला थांबायचं असतं ना रोज."

ढवळूला ते खरं वाटेना. तेव्हा धर्मा वाण्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि गाडी गावाबाहेरच्या उतारावर नेली. ढवळूला खाली वाटेच्या कडेला उभं केलं. वरून फटफटाट सुरू झाला, जवळ जवळ आला. ढवळूचे पाय जमिनीत रुतले. गाडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. धूळ पुढं गेली, गाडी राहिली.

"अजून एकदा," ढवळू म्हणाला.

वाणी पुन्हा वर गेला, पुन्हा आला. गाडी पुन्हा थांबली. ढवळूनं वाकून तो ब्रेक पाहिला, लोखंडाचा हात आणि त्याखालचा जाड चामड्याचा तुकडा. एवढंच होतं.

"हे बसवायला किती दिस लागलं?"

"दिवस कसले? दुपारी आला होता, दिवे लागायच्या आत गेलासुद्धा."

ढवळू वाटेवरच खाली बसला. डोली वाहताना, दोन्ही कचेऱ्यांत त्याला जे रडू आलं नव्हतं ते आता आलं. एक दुपार. दसऱ्यापासून पौषापर्यंत किती दुपारी गेल्या होत्या! त्यातल्या कितीतरी दुपारी मधुकर त्याच्याच खाटेवर पाणी पीत बसला होता. धर्मा वाणी गाडी आडवी करून त्याच्याजवळ बसला. त्यानं समजूत घातली नाही. संध्याकाळी त्याला घरी नेलं, जेवू घातलं, आणि सकाळी वेशीपर्यंत सोडायला आला, पायी.

ढवळू आंबेपाड्यावर पोचला तेव्हा नवशी दारात धुणं वाळत घालत होती. तिनं आधी त्याच्या कमरेच्या कोयत्याकडे पाहिलं.

"मोडलीस?"

"नाय."

नवशीनं पुढचं लुगडं पिळायला घेतलं.

"थांबते आता ती," ढवळू म्हणाला. "मी उभा ऱ्हायलो हुतो समोर. माझ्यासमोर थांबली."

नवशीच्या हातातलं लुगडं पिळलेलंच राहिलं. मग त्याला दारात बसवून ती खाली बसली, त्याच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "कशी थांबली? सांग माना." ढवळू सांगू लागला, आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली.